शकूताई चोवीस वर्षं मरत होती

शकूताई गेली तेव्हा मी त्याच दवाखान्यात ड्यूटीवर होते. दुसऱ्या वॉर्डातली सिस्टर धावत आली आणि नुसती माझा हात धरून उभी राहिली. मी समजले. डॉक्टरांनी कागदावर कारण लिहिलं, मूत्रपिंडं निकामी. वय अडतीस. त्यात खोटं काही नव्हतं. पण तो कागद हातात घेतल्यावर मला रडू आलं नाही, संताप आला. माझी बहीण त्या दिवशी मेली नव्हती. ती चोवीस वर्षं मरत होती आणि आम्ही सगळे बघत होतो.

आमचं गाव काटोलजवळचं. संत्र्याची बाग, दोन विहिरी, खाऊनपिऊन सुखी घर. म्हणजे गरिबीचं निमित्तही आम्हाला नव्हतं. तेराव्या वर्षी ताईचं लग्न लावलं, कारण स्थळ चांगलं होतं आणि बाबांच्या भाषेत ‘एक जबाबदारी मोकळी’ होत होती. लग्नाला मुलीची पंधरा वर्षं पुरी हवीत असा कायदा तेव्हाही होता, पण गावात तो कोणी विचारला नाही. मांडवात गावचे मास्तरही जेवून गेले. ताई त्यांच्याच वर्गात सहावीला होती.

वर्षभरात ती बाळंतपणाला माहेरी आली. मी नऊ वर्षांची. तीन दिवस ती आतल्या खोलीत ओरडत होती, नंतर नंतर तर तिचा आवाजही निघेना. चौथ्या दिवशी बैलगाडीतून काटोलला नेलं. मूल मेलेलं निघालं. ताई वाचली असं सगळे म्हणाले... आता मी नर्स आहे, म्हणून सांगू शकते काय झालं होतं. चौदा वर्षांच्या पोरीचं अंग अजून पुरतं वाढलेलं नसतं. बाळाचं डोकं अडकून राहिलं, त्या दाबानं आतला भाग सडला आणि भोक पडलं. त्या दिवसापासून तिची लघवी थांबेना. उठता, बसता, झोपेत, सतत.

सासरच्यांनी तीन महिने ठेवली आणि परत आणून सोडली. वर्षाच्या आत जावईबापूंचं दुसरं लग्न झालं, त्या लग्नाची पत्रिकाही आमच्याकडे आली. ताईला गोठ्यालगतची खोली मिळाली. ती पहाटेच उठून ओढ्यावर लुगड्याचे तुकडे धुवायची, म्हणजे बायका यायच्या आत परत येता यावं. तिच्या ताटाजवळ कोणी बसत नसे. मीसुद्धा बसत नव्हते. हे लिहायला पाहिजे.

मी चौदाची झाले आणि माझ्यासाठी पाहुणे आले. बाबांनी ताईला बजावलं होतं, खोलीतून हलायचं नाही. मी पोह्यांच्या बशा देत होते, तेवढ्यात ती दारातून आत आली. ओली, तशीच. सारवलेल्या जमिनीवर तिच्या पायाशी थेंब पडत होते.

“मी हिची मोठी बहीण,” ती पाहुण्यांना म्हणाली. “मले तेराव्या वर्षी देलं. काय होते ते पाहून घ्या.”

“शकू, आत जा वं!” बाबा ओरडले.

“काहून जाऊ? हिलेही अशीच करून आणान, मग दोघींले एकाच खोलीत ठेवान का?”

पाहुणे बशा तशाच ठेवून उठले. ते गेल्यावर बाबांनी ताईला मारलं. ती हलली नाही. माय चुलीपाशी बसून राहिली. त्या एका दुपारनंतर मला पाहायला कोणी आलं नाही, आणि मी मॅट्रिक झाले.

नर्सिंगला नागपुरात आल्यावर मी धीर करून एका डॉक्टरीणबाईंना ताईचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “अगं, हे शिवता येतं!” नऊ वर्षं... नऊ वर्षं माझी बहीण गोठ्याशेजारी कुजत होती, आणि इलाज एसटीनं दोन तासांवर होता. कोणी विचारलंच नव्हतं. पहिलं ऑपरेशन फसलं. दुसऱ्यानंतर कितव्या तरी सकाळी मी तिच्या खाटेशी गेले, तर ती चादरीवरून हात फिरवत होती. “सुमे,” ती हळूच म्हणाली, “कोरडी आहे वं.”

ती मग माझ्याकडेच राहिली, सदर भागातल्या भाड्याच्या खोलीत. मुलींच्या वसतिगृहात आया म्हणून लागली. सुटीच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसायची. लहान वयाची गरोदर पोरगी दिसली की तिच्या सासूला गाठायची आणि आपली सगळी कथा, काही न लपवता, सांगायची. कोणी ऐकायचं. पुष्कळ जणी तोंड फिरवून जायच्या, एकीनं तर अवदसा म्हटलं. तिला लाज उरली नव्हती. लाज कोणाला वाटायला हवी ते तिला कळलं होतं. पण मूत्रपिंडं त्या नऊ वर्षांतच बिघडून बसली होती.

तेरवीला गावी गेले. पंगतीत “शकूचं नशीबच खोटं” चाललं होतं. आमचे चुलते, नानाकाका, वरण कालवता कालवता म्हणाले, “आमच्या लीलाचंही जमून राहिलं. पंधरावं लागलं आता. वैशाखात उरकून टाकतो.”

वाढता वाढता माय थांबली. वरणाचं भांडं खाली ठेवून तिनं नानाकाकांच्या भरल्या ताटावर हात आडवा धरला.

“उठा, भाऊजी.”

जेवत्या माणसाला आमच्याकडे कोणी ताटावरून उठवत नाही. ते उठले. मागच्या अंगणात मी मायला विचारलं, हे तेव्हा का नाही केलंस? माझा आवाज चढला होता. ती म्हणाली, “मलेच अकराव्या वर्षी आणलं होतं वं. तेव्हा मले वाटे, असंच असते.” मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं नाही. अजूनही पुरतं वाटत नाही.

नानाकाका, तुम्ही पेपरची ही पुरवणी वाचता हे मला ठाऊक आहे. अठराचा कायदा होऊनही वर्षं लोटली. सदरच्या खोलीत खिडकीखाली ताईची खाट आहे. तिची सवय मला लागली आहे, सकाळी उठले की मी त्या चादरीवर हात फिरवते. खाट रिकामी आहे, आणि शाळा चालत दहा मिनिटांवर आहे. लीलाला दप्तरासकट एसटीत बसवून द्या. नाही दिलंत, तर वैशाखात मांडवात मी येईन, आणि ताईला जे सांगायला एक खोलीभर पाहुणे मिळाले, ते मी सगळ्या गावाला सांगेन.