म्हशीला न आवडलेलं गाणं

नव्वदच्या दशकात मी रोज संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जायचो. तिथं एक गवळी डोळ्यांदेखत म्हैस पिळून फेसाळ पेला हातात द्यायचा. खांबाला टेपरेकॉर्डर अडकवलेला असायचा आणि गिऱ्हाइकं आपापल्या आवडीच्या कॅसेटी आणायची. एकदा मीही माझी लाडकी गझल नेली. ती ऐकताना वाटायचं, मला जे सांगता येत नाही ते कुणीतरी माझ्या वतीनं सांगतंय.

गाणं सुरू झालं आणि म्हशीनं पान्हा चोरला. रिकामे पेले घेतलेली माणसं माझ्याकडं बघू लागली. मला तर एरवीही उगाचच अपराधी वाटतं. मी सगळ्यांची माफी मागितली, म्हशीचीसुद्धा.

"पावणं, गाणं झ्याक हाय की," गवळी म्हणाला. "पर त्यात समदी निघूनच जात्यात. हिला वाटतंय, आपलं रेडकू बी गेलं."

त्यानं टेप बंद केला आणि कासेवरून हात फिरवत तीच गझल लावणीच्या ठसक्यात म्हणायला घेतली. लोकांनी हसत टाळ्यांचा ठेका धरला. थोड्या वेळानं बादलीत धार वाजली.

पहिला पेला त्यानं माझ्यापुढं धरला.

"घ्या. तुमच्याच गाण्याचं दूध."