कुलूप लावलंय

बाबांचा दहावा ऐरोलीच्या खाडीकाठी केला. पिंड मांडून केव्हाचे उभे होतो, पण एक कावळा शिवेल तर शपथ! समोर तिवरांवर नुसते बसून काव काव करत होते मेले.

मग आमची आश्वासनं सुरू झाली. दादाने हात जोडले, "आईला सांभाळीन." कावळे ढिम्म. मी म्हटलं, "आम्ही भावंडं भांडणार नाही." त्यावर तर एक उडूनच गेला. एरवी मी असल्या गोष्टी मानत नाही, पण तिथे मीही आठवून बघायला लागले, खरं सांगते. बाबांचं काय राहिलं असेल?

भरतीचं पाणी पिंडांच्या जवळ यायला लागलं. गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिवू. चालतं तसं."

"नाही चालत," आई म्हणाली. बाबा गेल्यापासून इतक्या मोठ्याने ती पहिल्यांदाच बोलली. "त्यांचा जीव अडकलाय कुठेतरी. असं ढकलून नाही पाठवायचं त्यांना."

पदर खोचून ती पुढे झाली. आता बाबांची एक खोड सांगायला हवी. कुठेही निघालो की ते सोसायटीच्या गेटवरून परत फिरायचे. दाराचं लॅच आपोआप लागायचं, पण त्यांचा त्यावर काडीचा भरवसा नाही. वरून कुलूप हवंच, आणि ते लावल्यावर पुन्हा जाऊन ओढून बघायचं. त्यापायी गावच्या एसट्या चुकल्यात आमच्या! आई गेटवर उभी राहून चिडायची.

"अहो," ती पिंडांपाशी वाकली, "कुलूप लावलंय. ओढूनही बघितलंय. निघा आता."

एक कावळा खाली आला. भात चोचीत घेतला आणि गेला. दादा लहान मुलासारखा रडायला लागला, मीपण. पिंड पाण्यात सोडले तेव्हा इतकं हलकं वाटलं की मला चक्क भूक लागली.

घरी आलो तर कडीला कुलूप नाही. लॅच उघडून बघते, तर कुलूप आत खिळ्याला लटकतंय.

"आई! त्यांच्याशी खोटं बोललीस?"

"मग काय, तिथेच ताटकळत ठेवू त्यांना?" तिला हसू आवरेना. "आणि लॅच लागतं की गं आपोआप. जन्मभर हेच तर सांगत होते त्यांना."