पाठीमागचं बक्कल

संग्रहालयात युरोपातल्या सरदारांची चिलखतं शतकांच्या क्रमाने मांडली होती. सगळ्यात जुनं लोखंडी कड्यांचं, सदऱ्यासारखं डोक्यातून घालायचं. मग छातीवर पत्रा आला, पुढे कोपरा-गुडघ्यांवर. शेवटचं नखशिखांत पोलादी; पण त्याची काही बक्कलं पाठीमागे, ती लावायला दुसरा माणूस हवा.

खांद्याच्या ऑपरेशननंतर माझा हातही गळ्यातल्या पट्ट्यात आहे, आणि त्याचं बक्कलही पाठीमागेच. सगळं घर चालवणारी मी रोज सकाळी "अहो, पट्टा!" म्हणत ताटकळते.

"बघ, एवढ्या सरदारालासुद्धा नवरा लागायचा," हे म्हणाले.

"गप्प बसा."

इतकी शतकं खपून माणसाने तलवार अडवली, पण मोकळेपणाने एकट्याने कपडे चढवणं गमावलं. चिडून मी भराभर पुढे निघाले, तसा पट्टा सुटला. मी थांबले आणि मुकाट्याने त्यांच्याकडे पाठ केली.