कोप म्हणायचं नाही

मी काही लिहावं एवढी माझी लायकी नाही. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेव्हा चुकलं तर माफ करा.

नांदेडला एम.ए.च्या सेमिनारमध्ये मला प्युरिटन या कडव्या ख्रिस्ती पंथाच्या जुन्या प्रवचनांतल्या देवाच्या रागाच्या प्रतिमा समजावून सांगायच्या होत्या. ते धर्मोपदेशक हा राग ताणलेल्या धनुष्यासारखा, बांधाआड तुंबलेल्या पुरासारखा रंगवत, म्हणजे ऐकणारा घाबरून सुधारेल. त्याच सकाळी किनवटजवळच्या आमच्या गावाहून आईचा फोन आला. धाकट्या बहिणीला अंगभर कांजिण्या आल्या होत्या आणि तीन दिवस ताप उतरत नव्हता.

"देवीचा कोप म्हणत बसू नको, दवाखान्यात ने," मी म्हणालो.

"नेलंय की! पर कोप म्हनू नको, आई आलीय म्हन. लई शिकलास, बोलायचं तेवढं न्हाई शिकलास."

अशा वेळी आमच्या घरात फोडणीसुद्धा देत नाहीत, देवीला चटका बसेल म्हणून. प्रवचनकार राग शब्दांनी पेटवत. आम्ही त्याचं नावही घेत नाही. वर्गात हे सांगताना 'कोप' शब्दापाशी माझी जीभ अडखळली. सगळं लक्ष खिशातल्या फोनकडे होतं.

दुपारी तो वाजला. आई म्हणाली, "ताप उतरला. भात मागून राहिली."