न्हाणीघराचे मागचे दार

दिनांक २ नोव्हेंबर १९९४, बुधवार, नरकचतुर्दशी. पहाटे साडेचारच्या सुमारास जे. पी. नगरातील एका गल्लीत, दोन घरांमधल्या सामाईक भिंतीवर टांगलेली फटाक्यांची माळ पेटवण्यात आली. भिंतीच्या अलीकडे, पेरूच्या झाडाला, रत्नाबाईंचा करिया नावाचा कुत्रा बांधलेला होता. माळ तेथे लावू नये, अशी विनंती त्यांनी आदल्या रविवारी स्वतः जाऊन केली होती. ही तक्रार कोणत्याही दप्तरात सापडणार नाही, कारण ती लिहून घेण्याजोगी कोणाला वाटली नाही. म्हणून ती येथे नोंदवली आहे.

रत्नाबाईंचे घराणे पाच पिढ्यांपूर्वी बेंगळुरात आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. पती वारल्यापासून त्या ब्लाउज शिवून राहत. चाळिशीतच त्यांचे कान गेले होते. समोरच्याच्या ओठांवरून त्यांना बोलणे कळे. त्यामुळे ज्याला त्यांच्यापासून काही लपवायचे असेल, तो नुसते तोंड फिरवी. असे पुष्कळ भेटले. करिया मात्र त्यांतला नव्हता. गिऱ्हाइकाने कडी वाजवली, कुकरने शिटी दिली, की तो धावत येऊन त्यांच्या लुगड्याचा काठ ओढी. सहा वर्षे रत्नाबाई त्याच्या कानांनी ऐकत होत्या.

दिवाळी आल्याचे त्यांना कळे ते त्याच्या थरथरण्यावरून. पहिल्याच वर्षी त्यांनी त्यावर उपाय शोधला होता. त्यांच्या न्हाणीघराला खिडकी नव्हती, आणि तांब्याच्या हंड्यामागचा कोपरा भर दुपारीही काळोखा असे. तिथे त्यांनी आपले एक जुने लुगडे अंथरले. तेव्हापासून दर दिवाळीला पहिला बार उडाला की करिया आपण होऊन तिथे शिरे, तो पाडवा उलटल्यावरच बाहेर येई. रत्नाबाईंच्या आंघोळीपुरता तो भिंतीकडे तोंड करून बसे. त्याचे तोंड फिरवणे एवढेच.

त्या रविवारी शेजारच्या कृष्णमूर्तींकडे त्या गेल्या, तेव्हा ते पायरीवर बसून फटाक्यांची खोकी उघडत होते.

"माळ पुढच्या रस्त्यावर लावाल का? भिंतीशी नको."

"अम्मा, तुम्हाला तर ऐकूच येत नाही. मग त्रास कुणाचा सांगता?"

"माझ्या कुत्र्याला येतं ऐकू."

"मग त्याला पाठवा. त्याच्याशी बोलतो मी."

आतून कोणी हसले असावे. कृष्णमूर्तींनी कौतुकाने मागे वळून पाहिले, त्यावरून रत्नाबाईंनी ते ताडले.

त्या वर्षी थोरली जाऊ, शकुंतलाबाई, हेब्बाळहून सणाला आल्या होत्या. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी इकडे पाणी भरण्याचा सण असतो. न्हाणीघर धुऊन काढायचे, हंडा चिंचेने लख्ख घासायचा, त्यावर चुन्याचे नि कावेचे पट्टे ओढायचे, गळ्यात कारल्याचा वेल बांधायचा आणि नवे पाणी भरून पूजा करायची. पूजा आटोपून शकुंतलाबाई उठल्या, तो हंड्यामागे त्यांना दोन डोळे दिसले.

"अगं बाई, हे इथं? हंड्यात गंगा भरलीय, आणि मागं कुत्रं?"

"अक्का, दरवर्षी तो इथंच असतो. कुणाला त्रास देत नाही."

"दरवर्षी मी नव्हते ना. पेरूला बांध त्याला. स्वल्प हवा लागेल, काही मरत नाही. एका रात्रीचा तर प्रश्न."

थोरल्या जावेचा शब्द रत्नाबाईंनी लग्नापासून कधी मोडला नव्हता. "सरी, अक्का," त्या मान तुकवून म्हणाल्या. करिया जागचा हलेना, तेव्हा त्याला लुगड्यासकट ओढत न्यावे लागले. दोराची गाठ रत्नाबाईंनी आपल्या हाताने मारली. हे त्या कोणापासून लपवीत नाहीत.

पहाटे न्हाणीघराची दोन्ही दारे लावून त्या जावेला अभ्यंगाचे तेल चोळीत होत्या. पुढच्या दाराने घरात जाता येई, मागच्या दाराने परसात. दोघींची स्नाने झाली, उजाडले, आणि रत्नाबाई परसात गेल्या. पेरूला हातभर दोर लोंबत होता. खाली लाल कागदाचा खच पडला होता.

तीन दिवस त्या गल्लोगल्ली फिरल्या. हाक मारायची आणि तिचे उत्तर डोळ्यांनी शोधायचे, असा तो शोध होता. प्रत्येक मोटारीखाली, प्रत्येक जिन्याखाली त्या वाकून पाहत. आपला आवाज किती चढला आहे हे त्यांना कळत नसे. लोक खिडक्यांशी येत आणि पडदे ओढून घेत.

पाडव्याच्या दुपारी शकुंतलाबाई परतण्यासाठी पिशवी भरीत होत्या. हंड्याचा सुकलेला वेल टाकायला रत्नाबाईंनी मागचे दार उघडले. बाहेरच्या अंगाला, अगदी तळाशी, हिरवा रंग खरवडून लाकूड उघडे पडले होते. फळीच्या फटीत एक तुटलेले नख अडकले होते.

त्यांनी जावेला बोलावून ते दाखवले. शकुंतलाबाईंनी पाहिले, आणि तोंड फिरवून काहीतरी म्हणाल्या.

रत्नाबाईंनी आयुष्यात प्रथमच थोरल्या जावेच्या हनुवटीला धरले आणि तिचा चेहरा आपल्याकडे वळवला. "असं बोला, अक्का. मला दिसू दे."

"ऐकलं होतं मी," शकुंतलाबाई म्हणाल्या. "तू तेल चोळत होतीस तेव्हा. फार केकाटत होतं, दार ओरबाडत होतं. मंगलस्नानाच्या वेळी कुत्र्याला आत कसं घ्यायचं? मग गप्प झालं. मला वाटलं, निवलं."

म्हणजे दोर तोडून तो पळाला नव्हता. आधी आपल्या कोपऱ्याकडे आला होता. त्याच्या आणि रत्नाबाईंच्या मध्ये एक फळी होती, आणि ज्यांना ऐकू येत होते त्यांना सोवळे आडवे आले.

आज दीड महिना झाला. न्हाणीघराच्या त्या मागच्या दाराची कडी रत्नाबाईंनी काढून टाकली आहे. गिऱ्हाइके रस्त्याकडच्या दाराची कडी वाजवून परत जातात.

वाचकांनी दोन गोष्टी कराव्यात. करिया काळा आहे, उजवा पुढचा पंजा पांढरा, गळ्यात दोराचा तुकडा. आपल्या जिन्याखाली आणि टाकीमागे आजच पाहावे. आणि पुढल्या दिवाळीत, आपले जनावर ज्या कोपऱ्यात आसरा घेते तो कोपरा कोणत्याही पूजेसाठी त्याच्याकडून काढून घेऊ नये.