अख्खा गोल परत करतो

"उवा मारतेस काय गं?"

सरांनी विचारलं आणि गोलातली पोरं फिदीफिदी हसली. मी सहावीत होते. शहराच्या पूर्व भागातल्या कामगार वस्तीतल्या आमच्या खोलीतून पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या हॉलमध्ये आले होते. उन्हाळी नाट्यशिबिर. पहिला दिवस, पहिला खेळ.

खेळ साधा. गोलात उभं राहायचं. आपलं नाव सांगायचं आणि घरात काय काम चालतं ते नुसत्या कृतीतून दाखवायचं. मग अख्खा गोल तेच नाव घेतो, तीच कृती परत करतो. सर टाळी वाजवेपर्यंत. लाज मोडते म्हणे त्यानं. अंग मोकळं होतं.

डॉक्टरांच्या मुलानं छाती तपासली. अख्ख्या गोलानं छाती तपासली. वकिलाच्या मुलीनं बोट उगारलं. अख्ख्या गोलानं बोट उगारलं. मग मी. मी फरशीवर मांडी घातली, अम्मा बसायची तशी. मांडीवर सूप घेतलं. पान कापलं, तंबाखू भरली, वळलं, दोरा गुंडाळला. हातात काहीच नव्हतं, पण मला सगळं दिसत होतं. सर वा म्हणतील असं वाटलं होतं.

"उवा नाही सर. बिड्या. माझी आई बिड्या वळते."

"अगं, पण हे पोचत नाही ना! शेवटच्या रांगेतल्या माणसाला काय कळणार? ओढून दाखव."

"आमच्यात कोण ओढत नाही सर."

"नाटक आहे गं बाई हे. ओढ."

मी दोन बोटं ओठांना लावली. धूर सोडला. सर म्हणाले, "खोक जरा." मी खोकले.

"हां! हे पोचतं."

मग अख्ख्या गोलानं माझं नाव घेतलं आणि बिडी ओढली. सगळे खोकले. दोघं-तिघं तर फरशीवर लोळून खोकले. सरांची टाळी काही वाजेना. ते पोट धरून हसत होते.

अम्मानं आयुष्यात बिडी तोंडाला लावली नाही. खोकायची मात्र ती खरंच. तंबाखूची धूळ छातीत बसलेली. तिचा तो खोकला मी त्या पोरांना खेळायला देऊन आले. घरी गेल्यावर तिनं विचारलं, "काय शिकवलं गं आज?" मी म्हटलं, "काही नाही."

त्या दुपारीच माझं नाव गेलं. बिडी राहिलं.

मग दुसऱ्या दिवशी गेलीस कशाला, असं कोणीही विचारेल. गेले. कारण मला ते सगळं आवडलं होतं. आवाज मोठा करणं, दुसरंच कोणीतरी होणं. अपमान आणि आनंद एकाच हॉलमध्ये मिळत होते, आणि मला आनंद सोडवेना. सरांनी मला कामं दिली. मोलकरीण. भाजीवाली. भिकारीण. "तुझा चेहराच अस्सल आहे," म्हणायचे. मी ते कौतुक समजायची. राणी कधीच झाले नाही. मागितलंही नाही.

पुढे मी सरकारी शाळेत शिक्षिका झाले. दर मे महिन्यात सरांच्या शिबिरात मुलांकडून सुरुवातीचे खेळ करून घेणं हे माझं काम झालं. "बिडी, पोरांना गरम कर," सर म्हणायचे. मी हसायची. कोणी विचारलं तर सांगायची, लाडाचं नाव आहे.

लाडाचं नव्हतं. तेव्हाही नव्हतं.

यंदाच्या मे महिन्यात मी माझ्या वर्गातली एक मुलगी शिबिरात आणली. सर दरवर्षी दोन-तीन गरीब मुलं फुकट घेतात. भाषणात सांगायला बरं पडतं. कोमल अकरा वर्षांची. पाठांतर पक्कं, आवाज खणखणीत. तिची आई तयार नव्हती. "मोठ्या लोकांची पोरं असत्यात तितं," म्हणाली. मी म्हटलं, "मी आहे ना तिथे."

मी होते तिथे. तीच सगळ्यात वाईट गोष्ट.

गोल झाला. तोच खेळ. कोमलची पाळी आली. तिनं नाव सांगितलं, पाय फाकवून घट्ट रोवले, थोडी मागं कलली आणि दोन्ही मुठींनी काहीतरी धरलं. हळूहळू सोडत गेली. नजर खाली. डोळ्याचं पातं लवत नव्हतं.

एकानं विचारलं, "विहीर?"

"न्हाई. गटाराचं चेंबर. बाबा खाली उतरत्यात. वरून दोर धरावा लागतो, ठेकेदार त्याला माणूस देत न्हाई म्हून काका धरतो."

मला कळलं. एका क्षणात सगळं कळलं. आणि तरी माझ्या तोंडातून काय निघालं?

"हे पोचत नाही गं. नाक धरून दाखव."

माझेच शब्द. कोणी माझ्या तोंडात घातले नव्हते. मी इतकी वर्षं चघळून ते माझे केले होते. आणि गोल तयारच होता. खेळाचा नियम आहे. कोमलचं नाव घेत अख्ख्या गोलानं नाक धरलं. "कोमल, शीऽऽ! कोमल, शीऽऽ!" शेजारची मुलगी तिच्यापासून पाऊलभर सरकली. नियमात नसताना.

त्या पोरांना जात कुठे कळते, असं आपण म्हणतो. त्या दिवशी कळली. मी शिकवली. खेळ म्हणून शिकवली. टाळी माझ्या हातात होती, आणि मी ती वाजवली नाही.

फक्त कोमलनं नाक धरलं नाही. तिच्या मुठी तशाच. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोर सोडून नाक कसं धरू? बाबा खाली हायत."

कडेला खुर्चीवर सर बसले होते. ते हसले. "अगं, लाजतेय ती. बिडी, तू दाखव तिला. तू पहिल्या दिवशी कशी ओढली होतीस? पोरांनो, बघा हं, ताईंनी काय धमाल केली होती!"

"ताई, तुमचं नाव बिडी?"

"ओढा ना ताई! ओढा!"

गोल माझ्याकडे वळला. सगळे परत करायला तयार. पांढरे केस आलेली बाई मी, आणि माझा हात वर यायला लागला होता. सवय अशी असते. हात अर्ध्यावर आला आणि मला माझीच किळस आली.

"नाही सर. मी ओढणार नाही. आणि माझं नाव बिडी नाही."

"अगं, गंमत असते. इतकी वर्षं लागलं नाही ते?"

"लागत होतं. पहिल्या दिवसापासून. मी गप्प बसले."

सरांचा चेहरा उतरला नाही, तापला. "तुला घडवली कोणी? तिकडे बिड्या वळत बसली असतीस."

"वळल्या असत्या. दुसऱ्याच्या पोरीला असं उभं केलं नसतं."

मी टाळी वाजवली. खेळ संपला म्हणून सांगितलं. सगळे खाली बसले. कोमल बसली नाही. तिनं आधी दोर वर ओढला. हाताखाली हात घेत, सावकाश. बाप वर आल्यावर दोराचं वेटोळं केलं, बाजूला ठेवलं. मग चप्पल घातली आणि निघून गेली.

मी संध्याकाळी तिच्या घरी गेले. आई दारातच उभी राहिली.

"तिला न्हाई यायचं बाई."

"चुकलं माझं."

"बरं," ती म्हणाली. आत ये म्हणाली नाही. "तुमच्या जिवावर पाठवली व्हती मी." कोमल आत भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला नाही.

मी परत त्या दारात गेले नाही. जाणारही नाही. माफी मिळवून मोकळं व्हायचं नाही मला. वर्गात ती आता मागच्या बाकावर बसते. मी शिकवते. तिच्या नजरेला नजर देत शिकवते. तेवढं सोसायलाच हवं.

पुढच्या महिन्यात सरांचा सत्कार आहे. जुन्या विद्यार्थ्यांनी चार शब्द बोलायचेत. माझं आणि सरांचं काय झालं ते संयोजकांना ठाऊक नाही. त्यांच्यातल्या एका मुलाचा फोन आला, "ताई, दोनच मिनिटं हं. आणि गोड बोला." मी हो म्हटलं.

हे लिहिलंय ते तिथे वाचायला. मुलीचं नाव मी बदललंय. तिचं घर पुन्हा चारचौघांत मांडायचा मला हक्क नाही. माझं काही बदललेलं नाही. दोन मिनिटांत होणार नाही. गोड तर नाहीच. सर पहिल्या रांगेत असतील. त्यांनी उठून जावं, नाहीतर बसून ऐकावं. कोणी कागद ओढून घेतला तर मला तोंडपाठ आहे.