तीन स्टेशनं आणि एक फुलटोचा

लोक पक्षी बघायला भरतपूरला जातात, कच्छच्या रणात जातात, हल्ली तर थेट आफ्रिकेत जातात. मी गेल्या आठवड्यात उल्हासनगर ते बदलापूर जाऊन आलो. हसू नका. मध्ये माझं अंबरनाथ धरलं तर लागोपाठची तीन स्टेशनं, दोन दिवस, आणि खाण्यापिण्यासकट पाचशेची नोट मोडून सुटे परत आले. गुडघ्यांना झेपेल असा प्रवास शोधणाऱ्या माझ्या वयाच्या वाचकांसाठी सगळं सविस्तर लिहितो. एक चूकही कबूल करायची आहे, ती ओघात येईलच.

निघण्याचं कारण एवढंसं होतं, अक्षरशः अंगठ्याएवढं. फुलटोचा हा आपल्याकडच्या सगळ्यांत लहान पक्ष्यांपैकी एक. मातकट राखाडी अंग, किंचित बाकदार चोच, आणि एका जागी बसणं माहीत नाही. जुन्या आंब्यांवर बांडगूळ माजतं ते तुम्ही बघितलं असेल. दुसऱ्याच्या फांदीत मुळं घुसवून फुकट पोसलं जाणारं झाड. फुलटोचा त्याची फळं खातो आणि चिकट बी फांदीला पुसून टाकतो, तिथे नवं बांडगूळ उगवतं. म्हणजे हा फुकट्यांचा माळी.

मी आणि मंदा, म्हणजे माझी बायको, गेली वीसेक वर्षं पक्ष्यांची वही ठेवत आलो. शिक्षण आमचं बेताचंच. उल्हासनगरच्या रद्दीवाल्याकडे मुखपृष्ठ नसलेलं एक पक्ष्यांचं पुस्तक मिळालं, त्याच्यावर शिकलो. वहीत प्रत्येक पक्ष्यापुढे दोन रकाने: ‘दि’ म्हणजे दिसला, ‘ऐ’ म्हणजे ऐकला. ज्यानं बघितला किंवा ऐकला त्यानंच आपल्या हातानं तारीख टाकायची, दुसऱ्याची हजेरी लावायची नाही. आणि तीन वर्षांत एकदाही गाठ पडली नाही तर नाव लाल पेनानं खोडायचं. हा नियम मंदाचा. ती म्हणायची, “उगाच मेलेल्यांची रेशनकार्डं नको सांभाळायला.”

मंदाला जाऊन या महिन्यात तीन वर्षं झाली. तेव्हापासून फुलटोच्यापुढचे दोन्ही रकाने कोरे आहेत. मागच्या लेखात तर मी छातीठोकपणे लिहून बसलो होतो, की टॉवर उठले, आंबे तुटले, आमच्या पट्ट्यातून फुलटोचा संपला. डोंबिवलीच्या एका वाचक ताईंनी खाली एवढंच विचारलं, “काका, नक्की?” त्या एका शब्दानं झोप खराब केली. वहीत ‘फुलटोचा’ हे नाव मंदाच्या अक्षरात आहे. त्यावर लाल रेघ मारायची तर आधी एकदा नीट शोधून यावं, असं ठरवलं.

पहिला दिवस उल्हासनगरचा, कारण दुर्बिणीचं फोकसचं चाक जाम झालं होतं. जगात जे कुठे दुरुस्त होत नाही ते उल्हासनगरात होतं. अंबरनाथहून स्टेशन एकच आहे. दहानंतर निघालात तर बसायला जागा मिळते. बाजारात कॅमेरे-घड्याळं दुरुस्त करणारे एक सिंधी गृहस्थ आहेत, खुर्चीएवढं दुकान. त्यांनी दुर्बीण उघडली आणि कपाळाला हात लावला.

“काका, इसमें तो पूरा आटा भरा है!”

“आटा नाही हो, चण्याचं पीठ. मिसेस भजी तळता तळता खिडकीतून बघायची.”

ते हसले, पीठ झटकलं, चाकाला थेंबभर तेल दिलं. चण्याच्या पिठाचे ते चार कण टेबलावरून खाली पडले, तेवढं मी बघत राहिलो. पीठ जाईपर्यंत ते आत होतं हे मला माहीत नव्हतं.

“आता एकदम नवी झाली बघा. घ्या, चला पकवान खाऊ,” असं त्यांनीच म्हटलं. समोरच्या गाडीवर दाल-पकवान मिळतं, कुरकुरीत पापडासारखं पकवान, वर डाळ, कांदा, चिंचेची चटणी. एक प्लेट पोटभर होते. दातांचं बघून घ्या.

पैसे देऊन मी निघालो तर थोड्या वेळानं कोणीतरी दंड पकडला. दुकानदारच, धापा टाकत. हातात माझी दुर्बिणीची पिशवी.

“काका, कब से चिल्ला रहा हूँ! पूरा मार्केट पलट के देखा, एक आपने नहीं देखा.”

“अहो, तुमच्या बाजारात गोंगाट केवढा!” मी म्हटलं. त्यांनी पिशवी दिली आणि पाठीवर हात ठेवून परत गेले.

दुपारी वालधुनी नदीच्या पुलावर तासभर उभा राहिलो. पाणी कसलं ते विचारू नका, नाकाला रुमाल लावा. पण त्या काळ्या पाण्यात लाल काठ्यांसारख्या लांब पायांचे शेकाटे होते, धोबी शेपूट आपटत होते, काठाला वंचक बगळा म्हाताऱ्यासारखा मान आखडून बसला होता. पक्ष्यांना आपल्यासारखी घाण वाटत नाही की काय देव जाणे. पुलावरून जाणारा एक माणूस थांबला, दोन मिनिटं माझ्याबरोबर खाली बघून म्हणाला, “कोई गिरा क्या?” नाही म्हटल्यावर निराश होऊन गेला. फुलटोच्याला लागणारं झाड तिथे नव्हतंच.

परतताना अंबरनाथला जुन्या शिवमंदिराच्या आवारात थांबलो. इथे यायचं तर उन्हं कलल्यावर या, कोरीव दगडावर तेव्हा पोपट उतरतात. वडापाव आणि चहा आवाराबाहेर मिळतो. कुठूनसा भारद्वाज ‘हूप हूप’ करत होता, पिंपळावर तांबट ‘टुक टुक’ ठोकत होता. दोघांपुढे ‘ऐ’ लिहून टाकलं. बांडगूळ असलेला एक आंबा सापडला, त्याच्याखाली पाऊण तास कान लावून बसलो. हा पक्षी आधी ऐकायचा असतो, मग शोधायचा. ‘टिक टिक टिक’ असा त्याचा बारीक आवाज येतो, त्या दिशेनं बघितलं तर दिसतो. नाहीतर पानांत पान. टिक नाही की टाक नाही.

संध्याकाळी हैदराबादहून मुलाचा फोन आला. “बाबा, टीव्ही कमी करा ना, शेजारी तक्रार करतील.” टीव्ही कमी केला. मग कोण काय बातम्या सांगतंय ते कळेना, म्हणून बंदच केला. एका माणसासाठी केलेला वरण-भात उरतोच. किती कमी टाकले तरी तांदूळ दोघांपुरते होतात.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या कर्जत गाडीनं बदलापूर. पाच रुपयांचं तिकीट, आणि त्या वेळी गर्दी सगळी मुंबईकडे, आपला डबा रिकामा. पश्चिमेला उतरून शेअर रिक्षानं बदलापूर गावात जायचं. बिल्डिंगा संपत नाहीत असं वाटतं तोवर रस्ता एकदम अरुंद होतो, कौलं दिसतात, शेणाचा वास येतो. गावातून उल्हास नदीकडे उतरलात की वाटेत जुने आंबे आहेत. फेब्रुवारीचा शेवट होता, मोहोराचा वास गळ्यात उतरत होता. खंड्या, कोतवाल, वेडे राघू, दोन सूर्यपक्षी असे तासाभरात अकरा ‘दि’ झाले. ‘ऐ’ फक्त कावळा आणि भारद्वाज.

एका घराच्या अंगणात बांडगुळानं भरलेला आंबा होता. फांदी फांदी लाल-केशरी फुलांनी लगडलेली. मी कुंपणाबाहेर मान वर करून उभा. खाली साठीच्या एक बाई सुक्या वालाचे वाटे करत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आंब्याकडे बघितलं.

“काय वो दादा, झाड तोडाया आलाव का?”

“नाही हो. पक्षी बघतोय.”

“मंग या की आत. आमी तोडनाऱ्याची वाट बगतू. बांडगुलानं सगला आंबा खाल्ला.”

त्यांचं नाव वेणूबाई. पाटावर बसवलं, कोरा चहा दिला. मी त्यांना सांगितलं, असा असा अंगठ्याएवढा पक्षी, पूर्वी पुष्कळ होता, आता आपल्या भागातून गेला.

“टिचकी?” त्या म्हणाल्या. “आमी टिचकी म्हंतू त्याला. टिचकी वाजवल्यावानी वराडतो.”

“हां, तोच. शेवटचा कधी ऐकला तुम्ही?”

वेणूबाईंचा हात वालावर थांबला. त्या माझ्याकडे अशा बघू लागल्या की मला वाटलं, मी काहीतरी वावगं विचारलं.

“दादा, आता वराडतोय की. सकालधरनं कान खाल्लं त्यानं माजं.”

मी ऐकलं. लांबून मोटरसायकल गेली. भारद्वाज हुपला. बाकी काही नाही.

“कुठे?”

“तो काय! परत वराडला. ऐकू नाय आला?”

आणि मला बोट दाखवूनही सापडेना म्हणून त्या उठल्या, माझं डावं कोपर धरलं आणि मला अर्धा वळवलं. “आता बगा. ती वाकडी फांदी हाय ना, तिच्या टोकाला.”

दुर्बीण लावली. फुलटोचा होता. बांडगुळाच्या फुलावर उलटा लटकून चोच उघडत होता, मिटत होता, उघडत होता. गळा फुगलेला दिसत होता. आवाज नव्हता.

मी अंबरनाथच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पत्रा दाबायच्या प्रेसवर काम केलं. त्या काळी कानात कापूस घालणाऱ्याला पोरं ‘नवरी’ म्हणायची, म्हणून कोणी घालायचं नाही, मीही नाही. घातला असता तर काय झालं असतं ते आता बोलून उपयोग नाही. मोठा, जाड आवाज मला येतो. भारद्वाज येतो, तांबट येतो, म्हणून मी समजत होतो कान शाबूत आहेत. बारीक आवाज कधी गेला ते कळलंच नाही. गेलेला आवाज, जातो म्हणून सांगून थोडाच जातो!

पण त्या क्षणी मला कानापेक्षा कोपर जास्त आठवलं. मंदाही असंच करायची. कुठेही गेलो की बोलता बोलता माझं डावं कोपर धरायची, मला हलकेच वळवायची आणि म्हणायची, “ते बघ, काय ते?” मी दुर्बीण लावून ऐटीत सांगायचो, “फुलटोचा!” ती म्हणायची, “अगं बाई, हो का?” आणि मी खूश.

“किती वेळा ओरडला?” मी वेणूबाईंना विचारलं.

“सतराशे साठ वेला.” मग त्यांना काहीतरी समजलं असावं, कारण आवाज चढवून, माझ्या तोंडासमोर येऊन म्हणाल्या, “आमच्या मालकाचं कान चांगलं हायेत, पन ऐकत नाय. तुमचं बरंय, ऐकू येत नाय, पन ऐकताव तरी!”

मला हसू आलं. त्यांनाही आलं. हसताना माझे डोळे पुसले गेले ते त्यांनी बघितलं नाही, किंवा बघून वाटे मोजत राहिल्या.

निघताना मी भीत भीत म्हटलं, “ते बांडगूळ सगळं नका तोडू. एक फांदी तरी ठेवा.”

“बांडगूल ठेवून कोन आंबा राखतं, दादा?”

“आम्ही पेन्शनवाले तरी दुसरं काय आहोत? कोणीतरी ठेवलंय म्हणून आहोत.”

त्यांनी वर बघितलं. “वाकडी ठेवते. तिला तशीपन कैऱ्या धरत नाय.” आणि वालाचा एक वाटा माझ्या पिशवीत टाकला, पैसे घेतले नाहीत. बदलापूर गावात गेलात आणि कुणी वाल विकत असेल तर जरूर घ्या. मी त्याच संध्याकाळी मोड आणायला ठेवले. प्रमाण चुकलं, दोघांचेच भिजवले.

रात्रीचं जेवण व्हायच्या आधी वही काढली. मागे मागे जात गेलो. माझ्या हातचा शेवटचा ‘ऐ’, बारीक आवाजाच्या पक्ष्यापुढचा, सात वर्षांपूर्वीचा निघाला. त्यानंतर शिंपी, सूर्यपक्षी, फुलटोचा, सगळ्यांपुढे माझा फक्त ‘दि’. आणि शेजारच्या रकान्यात त्याच तारखेला मंदाचा ‘ऐ’, एवढासा, पेन न टेकवल्यासारखा. चार वर्षं ती माझ्याआधी ऐकत होती, मला वळवत होती आणि शोधल्याचं श्रेय मला देत होती. वही रोज माझ्या हातात होती. मी कधी दोन रकाने शेजारी शेजारी वाचले नाहीत.

तर डोंबिवलीच्या ताई, माझी चूक. फुलटोचा संपलेला नाही. बदलापुरात आहे, आणि काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तसं, आमच्या घराजवळच्या बुद्धविहाराच्या मागच्या आंब्यावरही आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे जाऊन उभा राहिलो, कान सोडून नुसत्या डोळ्यांनी शोधला. चाळीस मिनिटं लागली. पूर्वी अर्धं मिनिट लागायचं. कानाच्या मशीनची चौकशी केली आहे. मुलगा म्हणतो लगेच घ्या. घेईन. लाल पेन मात्र ड्रॉवरमध्ये परत ठेवलं.

बदलापूरच्या तारखेपुढे ‘दि’ लिहिलं. ‘ऐ’च्या रकान्यात, नियम मोडून, ‘वेणूबाई’ असं लिहिलं. विहाराच्या तारखेपुढे नुसतं ‘दि’ आहे, शेजारचा रकाना कोरा.

आता रोज सकाळी जातो. आंब्याखाली उभं राहताना डावं कोपर जरा अंगापासून बाहेर राहतं. तेवढी जागा सोडायची सवय आहे.